पाच आठवडे शेताबाहेर

त्या वर्षी मोसमाच्या पहिल्याच सकाळी व्हर्ना आत्याला ऑरिनच्या शेतात हरीण मिळालं. आठ टोकांच्या शिंगांचा नर, एका गोळीत.

हे वाक्य चुकून आधी पडलं. वाचकांनी ते वाचलेलं नाही असं धरून चालावं. अजून ऑगस्ट आहे, कुणाला काहीही मिळालेलं नाही, आणि ऑरिन ब्रेक्के आपल्या चाळीस एकरांच्या एका टोकाला गुडघे टेकून मातीचा वास घेतो आहे.

माती परीक्षणाचा अहवाल त्याच्या खिशातच होता. पण अहवालाला नाक नसतं, असं ऑरिनचं मत होतं.

ऑरिन पस्तिशीचा. चीजच्या कारखान्यात त्याची पहाटेची पाळी असे. दुपारी बाराला सुटला की तो थेट शेतावर जाई आणि अंधार पडेपर्यंत तिथेच असे. शेत म्हणजे त्याच्या जमिनीच्या टोकाला, झाडीने वेढलेला दीड एकराचा तुकडा. त्यात माणसाने खायचं काहीही नव्हतं. अर्ध्यात क्लोव्हरचं तीन पानी गवत, अर्ध्यात सलगम. हे सगळं हरणांसाठी. हरणांनी यावं, खावं, इथलंच होऊन राहावं, आणि नोव्हेंबरात शिकारीचा मोसम उघडला की त्यातल्या एकाने कृपा करून व्हर्ना आत्याच्या समोर उभं राहावं, एवढाच हिशेब.

व्हर्ना आत्या ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, उजवा गुडघा कामातून गेलेला, नजर मात्र घारीची. तिने आजवर छप्पन्न मोसम केले होते, आणि त्यातले बहुतेक याच जमिनीवर, ओकच्या एका जुन्या बुंध्यावर बसून. कॉफीचा थर्मास, लोकरीची टोपी, मांडीवर बंदूक. बसायची, आणि हरीण यायचं. यात कसलंही शास्त्र नव्हतं, म्हणूनच बहुधा चार वर्षांपूर्वी ऑरिनने जमीन सुधारायला घेतली. सुधारणेच्या वाटेत सगळ्यात आधी आला तो बुंधा. ट्रॅक्टरला साखळी लावून त्याने तो उपटून काढला.

आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. तसाही बसायला टोचायचा."

त्यानंतर चार मोसम गेले, आणि या जमिनीवर आत्याला हरणाचं शेपूटसुद्धा दिसलं नाही. ती कधी एका शब्दाने बोलली नाही. ऑरिनला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. शिव्या दिल्या असत्या तर निदान झोप लागली असती.

आणि हा शेवटचा मोसम होता. जानेवारीत आत्या आपलं घर सोडून शहरातल्या ज्येष्ठांच्या इमारतीत राहायला जाणार होती. तिथे बंदूक चालत नाही. मांजर चालतं, तेही अर्ज करून. तेव्हा शेवटचं हरीण आत्याने आपल्या शेतातून न्यावं, हे ऑरिनने मनाशी पक्कं केलं होतं. बुंधा उपटल्याची भरपाई दुसऱ्या कशाने होण्यासारखी नव्हती.

म्हणून तो आणखी सुधारत होता.

"आणखी चुना?" बियाण्याच्या दुकानात लेलँडने विचारलं. लेलँड गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसून आल्यागेल्याला बियाणं आणि मत देत असे. मत फुकट असायचं. "चार वर्षं चुना टाकतोयस. अरे, हरणांना जेवायला घालतोयस की भिंती रंगवून देतोयस?"

"मातीचा सामू अजून सहाच्या खाली आहे. आंबट आहे ती."

"माझ्या पोटातल्या आम्लाची कुणी एवढी काळजी केली असती तर मी आज धष्टपुष्ट असतो." लेलँडने पोत्याला पाय लावला. "माझा भाऊ काय करतो माहितीये? काही नाही. पडकं कुंपण, काटेरी झुडपं, मोडकी गाडी. मागच्या साली दोन मिळाली."

"नशीब असतं एकेकाचं."

"त्याचं? त्याचं घर दोनदा जळलंय."

ऑरिनने चुना घेतला. शिवाय उंच वाढणाऱ्या गवताचं बी घेतलं. हे गवत शेताभोवती लावायचं, म्हणजे घराकडून किंवा रस्त्याकडून कुणाला आतलं काही दिसत नाही आणि हरणांना लाज वाटत नाही. पलीकडच्या दोन एकर झाडीत त्याने कोवळी झाडं कमरेच्या उंचीवर अर्धवट कापून आडवी पाडली होती. खोडाची साल एका बाजूने शाबूत राहते, झाड जगतं, आणि हरणांना फांद्यांखाली निजायला आडोसा होतो. त्या झाडीला त्याने 'अभयारण्य' नाव दिलं होतं आणि पाटी लावली होती, 'कोणीही आत येऊ नये'. पाटी नीट दिसते आहे ना, हे पाहायला तो रोज आत जात असे.

सप्टेंबरात सलगमची पानं गुडघ्याला लागली. हरणं नेमकं किती खातात ते कळावं म्हणून ऑरिनने शेताच्या मधोमध जाळीचा पिंजरा ठोकला होता. पिंजऱ्यात काही धरायचं नसतं. आतलं पीक कुणी खाऊ शकत नाही, बाहेरचं खातात, आणि दोन्हीची उंची ताडून पाहिली की हरणांची भूक कळते. मासिकात तसंच छापलेलं होतं.

ऑरिनच्या पिंजऱ्याचा निकाल असा लागला की बाहेरचं पीक मांडीपर्यंत आणि आतलं साफ.

रविवारी कॉफीच्या वेळी त्याने हा प्रश्न स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. त्याची बायको जॅनेल कपात साखर ढवळत होती, आणि आत्या दर रविवारप्रमाणे आलेली होती.

आत्याने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे हरणं पिंजऱ्यात शिरून जेवतात," ती म्हणाली, "आणि निघताना दार लावून घेतात. चांगल्या वळणाची आहेत."

खरं कारण दोन दिवसांनी पिंजऱ्याखालच्या बिळातून वर आलं. वुडचक. मांजराएवढी, लठ्ठ, बिळात राहणारी खार. अख्खी जमीन सोडून तिने नेमकी पिंजऱ्याखाली जागा धरली होती, कारण तिथे तिला कुणी त्रास देऊ शकत नव्हतं.

मग कॅमेऱ्याची पाळी आली. शेताच्या कडेला झाडावर बांधलेला तो कॅमेरा समोर काही हललं की फोटो काढायचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑरिनने त्यातलं कार्ड काढून आणलं. सहाशे बारा फोटो निघाले. पाचशे सत्तरांत ऑरिन होता. फावडं घेतलेला ऑरिन, फावडं शोधणारा ऑरिन, कॅमेरा चालू आहे का ते भिंगात डोळा घालून बघणारा ऑरिन. उरलेल्यांत कावळे, एक खार आणि एकविसाव्या शतकातलं सर्वांत धुकट मांजर. शेवटच्या नऊ फोटोंत व्हर्ना आत्या होती. हातात पर्स, डोक्याला रुमाल, आणि ती सलगम उपटत होती.

"आत्या, ती सलगमं हरणांची आहेत गं."

"चर्चच्या जेवणाला कमी पडली." ऑक्टोबरात चर्चमध्ये क्षारात भिजवून थरथरता केलेल्या सुक्या माशाचं जेवण असतं, आणि त्याच्यासोबत सलगमचा लगदा लागतोच. नाहीतर तो मासा कुणाच्या घशाखाली उतरणार? "हरणांना विचारलं मी. कुणी हरकत घेतली नाही. कुणी होतंच कुठे तिथे?"

ऑरिनने कॅलेंडर पाहिलं. मोसमाला सहा आठवडे उरले होते.

पुढच्या मंगळवारी तो नेहमीप्रमाणे दुपारी शेताकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेवर त्याला आठवलं की हातमोजे घरीच राहिले. गाडी रस्त्यावरच सोडून तो पुढच्या दाराने आत शिरला.

जॅनेल आणि आत्या खिडकीपाशी खुर्च्या जोडून बसल्या होत्या. दोघींच्या हातात कॉफी. दोघी काहीच बोलत नव्हत्या, आणि या घरात असं आजवर कधी झालं नव्हतं.

"काय झालं?"

"शू," आत्या म्हणाली.

ऑरिन खिडकीतून डोकावला. परसात, गॅसच्या टाकीपलीकडे, पाच माद्या जॅनेलच्या फुलझाडांत उभ्या होत्या आणि पानं अगदी निवांत खात होत्या. रानसफरचंदाच्या झाडाखाली एक नर पडलेली फळं चघळत होता. शिंगाला आठ टोकं. एक मादी कपड्यांच्या दोरीखाली बसूनच होती, डोळे मिटून.

ऑरिनने टोकं परत मोजली. आठच होती.

"किती दिवस चाललंय हे?"

"कोणत्या अर्थाने?" जॅनेल म्हणाली.

"जॅनेल."

"दोन वर्षं. तुझी गाडी वळणावरून गेली की पाच मिनिटांत येतात. तू परत यायच्या आधी जातात. शिस्तीची आहेत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

जॅनेलने कप खाली ठेवला. "सांगितलं असतं तर तू इथे सुधारणा केली असतीस."

गॅसच्या टाकीभोवती उंच गवत लावलं तर काय होईल, हे ऑरिनच्या मनात तेवढ्यात येऊनही गेलं होतं.

"मीपण जूनपासून बघतेय," आत्या म्हणाली. "पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं, जॅनेलने पाळलीयेत."

"पण हे होतंय का? मी तिथे क्लोव्हर लावलं, झाडं पाडली, निजायला अभयारण्य केलं…"

"अरे शहाण्या," आत्या म्हणाली, आणि ती हे अगदी मायेने म्हणाली, "तिथे रोज दुपारी एक माणूस येतो. हातात लोखंड असतं. अंधार पडेस्तोवर जात नाही. तू हरीण असतास तर कुठे गेला असतास? जिथे तो माणूस कधीच नसतो तिथे. तुझ्या घरी."

बाहेर नराने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. खिडकीत ओळखीच्याच दोघी आहेत असं पाहून तो पुन्हा खायला लागला.

ऑरिन खुर्चीत बसला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे. पहिल्या दिवशी सकाळी तू मागच्या पायरीवर बस. चाळीस पावलांवर येईल."

"नाही."

"का?"

"स्वयंपाकघराच्या पायरीवरून? मी काय उंदीर मारतेय?" आत्याने खिडकीकडे बोट केलं. "इथे ती पाहुणी आहेत, ऑरिन. जॅनेलची आणि माझी. तुझ्या शेतात आली तर हरणं होतील. तिकडे आण त्यांना, मग बघू."

"कशी आणू? सगळं तर केलंय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या विषयावर त्यांचं आधीच बोलून झालेलं होतं, हे ऑरिनच्या तेव्हा लक्षात आलं.

"एकच सुधारणा राहिलीये," जॅनेल म्हणाली. "तू."

ठराव असा झाला. त्या दिवसापासून मोसम उघडेपर्यंत ऑरिनने शेतात पाऊल ठेवायचं नाही. पाहायला नाही, मोजायला नाही, कॅमेऱ्याचं कार्ड काढायलासुद्धा नाही. उलट रोज दुपारी घरीच राहायचं, आणि शक्य तितका आवाज करायचा.

पहिल्या आठवड्यात त्याने कोठाराचं छप्पर ठोकलं. दुसऱ्यात गवत कापायचं यंत्र सुटं करून जोडलं, आणि दोन सुटे भाग उरले म्हणून पुन्हा सुटं केलं. पन्हळ साफ करायला छतावर चढला तेव्हा त्याने शेताकडे नजर टाकली. शेत दिसलं नाही. दिसलं ते फक्त उंच गवत, जे त्याने घराकडून कुणाला काही दिसू नये म्हणून स्वतः लावलं होतं. फार छान वाढलं होतं.

परसातली हरणं पहिल्या चार दिवसांत निम्मी झाली. दहाव्या दिवशी कपड्यांच्या दोरीखालची मादी उठली, हातोडा घेतलेल्या ऑरिनकडे तिने निराशेने पाहिलं आणि ती निघून गेली.

"आज कॉफीला कुणीच आलं नाही," जॅनेल म्हणाली. तिचा आवाज खराच उतरला होता.

"कुठे गेली असतील?"

"विचारायचं नाही ठरलंय."

ऑक्टोबरच्या शेवटी पहिली कडक थंडी पडली. सकाळी गवतावर पांढरा थर होता. थंडी लागली की सलगमच्या पानांतला कडूपणा जातो आणि ती गोड होतात, हे ऑरिनला माहीत होतं. सगळ्या खोऱ्यात त्या दिवशी पानं गोड झाली असणार, आणि तो कोठाराच्या दाराला दुसऱ्यांदा रंग देत होता. लेलँड गाडी थांबवून फाटकातून आत आला.

"जिवंत आहेस ना? तीन आठवडे चुना न्यायला आला नाहीस. मी घरी म्हटलं, गेला."

"मला शेतात जायची बंदी आहे."

"कुणाची?"

"हरणांची. आत्यामार्फत."

लेलँडने यावर विचार केला. "माझ्या भावालाही कधी शेतात जाताना पाहिलं नाही," तो म्हणाला. "आळशी आहे असं समजायचो मी."

मोसम उघडला त्या शनिवारी ऑरिन चारलाच उठला. लपण त्याने दोन वर्षांपूर्वी बांधलं होतं. शेताच्या कडेला लाकडी खोपटं, तिन्ही बाजूंना खिडक्या, खाली सतरंजी, कोपऱ्यात छोटा हीटर आणि फिरत्या दोन खुर्च्या. आत्या नारिंगी कोट चढवून स्वयंपाकघरात उभी होती. जवळ काठी, बंदूक आणि थर्मास.

"त्या लपणात खुर्च्या किती आहेत?" तिने विचारलं.

"दोन."

"दुसरी कुणाची?"

"माझी. मी एक शब्द बोलणार नाही, आत्या."

"तू बोलत नाहीसच रे. तू सुधारतोस."

ऑरिनने थर्मासचं झाकण घट्ट केलं. चार वर्षं त्याने ही सकाळ डोळ्यांपुढे आणली होती. धुकं, आत्या, शेजारी तो. आत्याच्या बंदुकीचा घोडा मागे ओढल्याचा आवाज तो झोपेतही ओळखेल. पण तो ऐकायला शेजारी असायला हवं.

"तुझी गाडी त्यांना ठाऊक आहे," आत्या हळू आवाजात म्हणाली. "तुझी चालसुद्धा. मी सांगत नाही, तूच ठरव."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. काळोखच होता. मग त्याने जॅनेलच्या छोट्या गाडीची किल्ली खुंटीवरून काढली आणि मागे उभ्या जॅनेलच्याच हातात दिली.

"अगदी लपणाच्या दारापर्यंत सोड. गुडघा आहे तिचा. उजव्या खुर्चीवर बसव, ती कुरकुरत नाही."

वीस मिनिटांत जॅनेल परतली. दोघं टेबलाशी बसले. उजाडलं तशा दूरवर बंदुका वाजू लागल्या, एक इथे, दोन टेकडीपलीकडे, कढईत मक्याच्या लाह्या फुटाव्यात तशा. ऑरिन प्रत्येक आवाजाला मान हलवून नाही म्हणत होता. सात वाजले. साडेसात. जॅनेलने अंडी केली. त्याने एक खाल्लं आणि दुसरं ताटात फिरवत बसला.

आठला बारा मिनिटं असताना जवळून एक आवाज आला. कोरडा, छोटा, जड दार एकदाच लावल्यासारखा.

"ती," ऑरिन म्हणाला.

ते दोघं फोनकडे बघत बसले. पाच मिनिटं. दहा. आत्याच्या फोनला बटणं आहेत आणि हातमोजे काढल्याशिवाय ती दाबता येत नाहीत.

"ये," फोनवर आत्या म्हणाली. "हळू ये. आणि फावडं आणू नकोस."

नर सलगमच्या कडेला पडला होता, शिंगाची आठ टोकं आकाशाकडे करून. आत्या लपणाच्या पायरीवर बसली होती, टोपी मागे सरकवून, आणि थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत होती. पण ऑरिनची नजर हरणावर पोचायला वेळ लागला, कारण तो शेताकडे बघत होता. पाच आठवड्यांनी पहिल्यांदा. सलगमची पानं देठापर्यंत खुडलेली होती. क्लोव्हर चटईसारखं बारीक चरलेलं. अर्धवट पाडलेल्या झाडांतून शेताकडे पायवाट पडली होती, खुरांनी मळून गुळगुळीत झालेली. सगळीकडे लेंड्या होत्या. ऑरिनने त्यांच्याकडे असं पाहिलं की परक्या माणसाला संकोच वाटला असता.

"सात होती," आत्या म्हणाली. "पाऊण तास जेवत होती. मी तशीच बसून बघितलं. घाई नव्हती."

"हा परसातला?"

"हाच. तिथे मला ओळखायचा. इथे नाही ओळखलं. बरोबर आहे, आपापल्या जागी सगळ्यांनी आपापलं काम केलं." तिने झाकणातली उरलेली कॉफी जमिनीवर ओतली. मग खिशातून अर्धं खाल्लेलं सलगम काढून त्याच्यापुढे धरलं. "खा. गोड झालंय."

ऑरिनने चावा घेतला. गोड होतं, थोडं मातीसकट.

"चांगलं शेत आहे तुझं," आत्या म्हणाली.

ऑरिनने दुसरा चावा घेतला, मोठा.

दुपारी हरीण कोठाराच्या तुळईला टांगलं. काळीज आणि यकृत जॅनेलने कांद्यावर परतलं, पहिल्या दिवशी परततात तसं. लेलँड वास घेत आला आणि जेवून गेला. जाताना म्हणाला, भावाला काही मिळालं नाही, कारण या वर्षी त्याने कुंपण दुरुस्त केलं.

जानेवारीत आत्या शहरात गेली. जाण्याआधी तिने आणि जॅनेलने बसून पुढच्या सालचा नियम पक्का केला. ऑगस्टात पेरणी करायची, आणि पेरणीच्या दुसऱ्या दिवसापासून मोसम उघडेपर्यंत शेताला ऑरिनपासून पूर्ण विश्रांती. ऑरिनने लगेच मान्य केलं. तो त्या हिवाळ्यात फार समाधानी होता, सगळ्यांनीच पाहिलं. फक्त एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर, फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद दिसू लागला, आणि त्याची एक प्रत टपालाने शहरात गेली.

प्रति,
श्रीमती व्हर्ना ब्रेक्के व श्रीमती जॅनेल ब्रेक्के,
शेतप्रवेश नियंत्रण समिती.

विषय: स्वमालकीच्या जमिनीत मर्यादित प्रवेशाची परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा सदर जमिनीचा एकमेव मालक असून नियमितपणे कर भरतो. तरी अर्जदारास दर वर्षी पेरणीनंतर मोसम उघडेपर्यंत, आठवड्यातून एकदा, वीस मिनिटांपुरता, पायी, कोणत्याही अवजाराशिवाय व दोन्ही हात खिशात ठेवून, केवळ पाहण्याच्या हेतूने शेतात प्रवेश मिळावा. सदर कालावधीत अर्जदार कोणत्याही वनस्पतीस हात लावणार नाही, वाकणार नाही, व मनातल्या मनातही कसलीही मोजणी करणार नाही. वीस मिनिटे शक्य नसल्यास दहा चालतील. दहाही शक्य नसल्यास, समितीच्या एका सदस्याने अर्जदाराच्या वतीने जाऊन यावे व शेत कसे दिसते ते संध्याकाळी, जेवणानंतर, सविस्तर व न कंटाळता सांगावे, ही नम्र विनंती.